पायवाटेवरील सायकल

मराठी भाषेने 'वाट' या लहानशा शब्दाभोवती माणसामाणसांतील संबंधांचा एक संपूर्ण संसार मांडून ठेवला आहे. आपण कोणाची तरी वाट पाहतो, कोणाला वाट दाखवितो, कोणाची वाट अडवितो, कोणाच्या वाटेस जायचे नाही असे ठरवितो आणि प्रसंगी एखाद्या चांगल्या कामाची वाटही लावून टाकतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने जो हक्क सिद्ध होतो त्यास आपण 'वहिवाट' म्हणतो. आणि जी केवळ पावलांनी निर्माण केली ती 'पायवाट'. या साऱ्या शब्दसमूहात आम्हांस सर्वांत गोड वाटतो तो 'वाट देणे' हा साधा प्रयोग. वाट कोणाच्याही मालकीची नसते. तरीही ती क्षणभर आपल्या हाती असते आणि आपण ती दुसऱ्यास देऊ शकतो. असे दान करण्यास धनवान असावे लागत नाही, विद्वानही असावे लागत नाही. आज या सदरातून आम्ही बोलणार आहोत ते या दानाविषयी, आणि निमित्त आहे पायवाटेवर येणाऱ्या सायकलीचे.

आमचे गाव सचिन. हे नाव ऐकताच महाराष्ट्रातील नातेवाईक हमखास हसतात. कारण त्यांच्या लेखी हे मुलाचे नाव. पण सुरतेच्या दक्षिणेस, मुंबई–अहमदाबाद लोहमार्गावर वसलेल्या या गावाचा इतिहास मराठ्यांच्या इतिहासाशी जोडलेला आहे. १७९१ साली पेशव्यांशी झालेल्या करारान्वये जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील बालू मियाँ यांनी जंजिऱ्यावरील आपला हक्क सोडला आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना सचिनचा मुलूख मिळाला. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत त्यांचे वंशज येथे नवाब म्हणून नांदले. हक्काचा हट्ट सोडून वाट काढल्याचे उदाहरण आमच्या गावाच्या जन्मकथेतच आहे, असे म्हटल्यास ते फारसे वावगे होणार नाही.

आज या नवाबी गावाची ओळख औद्योगिक वसाहत म्हणून आहे. हजिऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग सचिनला स्पर्श करून पलसाणा, बारडोली, व्यारा, नवापूर असा थेट धुळे–जळगावकडे जातो. आणि त्या वाटेने, तसेच तापीकाठच्या लोहमार्गाने, खानदेशातील हजारो कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपूर्वी सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, भेस्तान या भागांत आणि पुढे आमच्याकडेही येऊन स्थिरावली. मागांच्या कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. पाळी सुटते तेव्हा एक लोंढा आत जात असतो व दुसरा बाहेर येत असतो. आणि या दोन्ही लोंढ्यांत पायी चालणारे व सायकलीवर बसलेले एकमेकांत मिसळलेले असतात. त्याच वेळी मुले शाळेस निघालेली असतात, आजी-आजोबा फिरावयास बाहेर पडलेले असतात, आणि वस्तीतील कुत्री रात्रीचा पहारा संपवून नेमकी वाटेच्या मध्यभागी ताणून दिलेली असतात.

मोठ्या रस्त्यांचे रूप गेल्या काही वर्षांत पालटले. २०१४ च्या आरंभी उधना दरवाजापासून सचिन औद्योगिक वसाहतीच्या नाक्यापर्यंत शीघ्र बससेवेचा मार्ग सुरू झाला. २०२० साली सचिन सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले. बस आल्याने मोठी सोय झाली यात शंका नाही. परंतु या बसची स्थानके रस्त्याच्या मध्यभागी असतात. उतरलेल्या प्रवाशास कडेला येण्यासाठी रस्ता ओलांडावाच लागतो. भरधाव मोटारी चुकवून तो कडेला पोहोचतो, 'सुटलो एकदाचा' म्हणून निःश्वास टाकतो, आणि नेमक्या त्याच क्षणी कडेने येणारी सायकल त्याच्या पायांशी येऊन ठेपते. सायकलस्वाराचाही त्यात सर्वस्वी दोष नसतो. मोटारींनी त्यास कडेला ढकललेले असते आणि तो पादचाऱ्यास आणखी कडेला ढकलतो. त्यापुढे मग गटारच उरते. कालव्याच्या बांधावरील वाटा, सोसायट्यांमधील गल्ल्या, महामार्गालगतचे सेवारस्ते, सर्वत्र हीच कथा. वाट एक आणि वाटेकरी अनेक.

हे भांडण मात्र आजचे नव्हे. सायकलीच्या जन्माबरोबरच ते जन्मले. १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस यांनी दोन चाकांचे लाकडी यंत्र चालवून दाखविले. त्यास पायटे नव्हते. स्वाराने खोगिरावर बसून जमिनीस पायांनी रेटा देत पुढे जावयाचे होते. म्हणजे ते चालण्याचेच एक वेगवान रूप होते! पण त्या काळचे रस्ते गाड्यांच्या चाकोऱ्यांनी उखडलेले. त्यांवर तोल सांभाळणे कठीण. म्हणून स्वारांनी पादचाऱ्यांच्या गुळगुळीत मार्गाचा आश्रय घेतला आणि पादचारी संतापले. अवघ्या दोन-तीन वर्षांत मानहाइम, मिलान, लंडन, न्यूयॉर्क अशा शहरांत या यंत्रास पदपथावर बंदी झाली. १८२० साली तर आपल्या कलकत्त्यातही ती झाली. पुढे पायटे आले, साखळी आली, आणि १८८८ साली डनलॉप यांच्या हवेच्या धावेने सायकलीस जणू पंख दिले. त्याच १८८८ साली इंग्लंडमधील कायद्याने सायकलीस 'गाडी' म्हणून मान्यता दिली आणि सोबत एक अट घातली: पादचाऱ्यास मागून ओलांडून जाताना स्वाराने योग्य अंतरावरून घंटा वा शिटी वाजवून सूचना दिली पाहिजे.

'योग्य अंतरावरून' हे दोन शब्द आम्ही आमच्या विद्यार्थ्यांकडून फळ्यावर लिहवून घेतो. कायदा केवळ 'घंटा वाजवा' म्हणून थांबला नाही. घंटा आणि अंतर यांची त्याने सांगड घातली. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर आपल्या मुलांपाशी घंटा आहे, पण अंतराचे भान मात्र हरवले आहे.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या परिचयातील एका घरी जे घडले ते सांगण्याजोगे आहे. शिरपूरकडील एक आजी मुलाकडे राहावयास आलेल्या. शहरात त्यांचे कोणी ओळखीचे नाही, भाषा नवी, दारे बंद. त्यांचे सारे स्वातंत्र्य म्हणजे पहाटेचा एक फेरा, कालव्याच्या वाटेने देवळापर्यंत आणि परत. एके दिवशी शिकवणीस निघालेला एक मुलगा मागून आला. त्याने घंटा वाजविली, पण ती दोन हातांवर आल्यानंतर. आजी दचकून डावीकडे सरकल्या. मुलानेही त्यांना चुकविण्यासाठी सायकल डावीकडेच वळविली. सायकल त्यांना लागलीसुद्धा नाही, केवळ पदर ओढला गेला. परंतु तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, महिने गेले. आता त्या चार पायांच्या आधाराने घरातल्या घरात चालतात. देऊळ बंद, कालवा बंद, फेरा बंद.

त्या मुलास दूषण देणे सोपे आहे. पण तो गुणी आहे, त्याचे आईवडील सज्जन आहेत, आणि घडल्या प्रकारानंतर तो पळूनही गेला नाही. आजींनाही त्याचा राग नाही. त्यांची तक्रार एकाच वाक्याची आहे: "घंटी तर वाजवली रे बाबा त्यानं, पण मला वळायला वेळ कुठं दिला?"

सौजन्यावरील अनेक व्याख्याने आम्ही ऐकली व काही स्वतः दिलीही; परंतु या वाक्याइतकी नेमकी व्याख्या आमच्या वाचनात आलेली नाही. वाटेवरील सौजन्य म्हणजे दुसऱ्यास दिलेला वेळ. ऐकण्यास वेळ, समजण्यास वेळ, सरकण्यास वेळ. तरुण मनुष्यास त्यासाठी एखादा क्षण पुरतो. सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीस तीन-चार क्षण लागतात. ज्यास कमी ऐकू येते त्यास सायकल जवळून गेल्यावरच कळते. लहान मूल तर ऐकूनही नेमके उलट दिशेस धावते. घंटा ही हुकूम नव्हे, विनंती आहे. आणि विनंती केल्यावर उत्तराची वाट पाहणे हे विनंतीचेच अंग आहे.

येथे थोडे गणित करू. आम्ही मराठीचे शिक्षक असलो तरी एवढे गणित आम्हांसही जमते. पायी चालणारा मनुष्य ताशी सुमारे पाच किलोमीटर चालतो. सायकल ताशी दहा किलोमीटर वेगाने जात असेल तर एका सेकंदात ती पावणेतीन मीटरहून थोडे अधिक अंतर कापते; ताशी वीस किलोमीटर वेगाने जात असेल तर साडेपाच मीटर. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर पोहोचेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, आणि त्यानंतर ब्रेक आपले काम सुरू करतो. कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगला असता, दहाच्या वेगाची सायकल सुमारे चार मीटरांत थांबते. वीसच्या वेगाची मात्र दहा-अकरा मीटर घेते. वेग दुप्पट केला तर थांबण्याचे अंतर दुपटीहून बरेच अधिक वाढते, ही गोष्ट मुलांना सांगून पटत नाही. मैदानावर चुन्याच्या दोन रेघा ओढून दाखविली की लगेच पटते. पालकांनी हा प्रयोग अंगणात अवश्य करावा.

पावसाळ्यात तर हे गणित आणखी कठोर होते. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीची लोखंडी कड ओली झाली म्हणजे रबराचे ठोकळे तीवरून नुसते घसरतात. ब्रेक दाबूनही चाक काही काळ फिरतच राहते. पाठीमागे ओझे असेल तर विचारावयासच नको. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो वायू असतो आणि टाकीसह ते वजन तीस किलोंच्या आसपास जाते. अशी टाकी, दुधाच्या किटल्या किंवा कापडाचे तागे लादलेली सायकल उतारावर आली की ती स्वाराची उरत नाही, ओझ्याची होते. त्यात आता बॅटरीवर चालणाऱ्या सायकली आल्या आहेत. अडीचशे वॉटपर्यंतच्या मोटरीच्या आणि ताशी पंचवीस किलोमीटरपर्यंत वेगमर्यादा असलेल्या अशा वाहनास नोंदणी वा परवाना लागत नाही. वेग मोपेडच्या जवळ जाणारा आणि आवाज मात्र मांजरीच्या पावलांचा, असा हा प्रकार पायवाटेवर विशेष जपून वापरला पाहिजे.

कोणी म्हणेल की हा सारा राईचा पर्वत आहे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशातील रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांत पादचारी होते ३२,८२५. त्यांतील बहुतेकांचे प्राण काही सायकलींनी घेतले नाहीत, ते मोटारींनी घेतले. हे खरेच आहे, आणि सायकलीस गुन्हेगार ठरविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. धूर न सोडणारे, इंधन न मागणारे, गरिबास परवडणारे असे दुसरे वाहन नाही. किंबहुना मोटारींच्या गर्दीत सायकलस्वार हाच दुबळा आहे. सेवारस्त्यावर मालमोटार त्याच्या कानाशी कर्णा वाजविते तेव्हा त्यास जे वाटते, तेच त्याच्या घंटेने पादचाऱ्यास वाटते. मात्र मोठ्याने आपल्यास सांभाळावे असे म्हणणाऱ्याने आपल्याहून लहानास सांभाळले पाहिजे. मोटारीने सायकलीस, सायकलीने पादचाऱ्यास, पादचाऱ्याने लेकरास व मुक्या जनावरास. ही उतरंड उलटी झाली की वाटेचे रणांगण होते.

कायद्याचा आधार कितपत आहे? २०१७ च्या केंद्रीय वाहनचालन विनियमांनी मोटार वाहनांना पदपथावर आणि सायकलींच्या राखीव मार्गावर जाण्यास मनाई केली आहे. २०२० च्या केंद्रीय आदेशाने सायकलीवरील परावर्तकांचा दर्जाही ठरवून दिला. परंतु सायकल हे मोटार वाहन नव्हे. तिच्या स्वारास परीक्षा द्यावी लागत नाही, परवाना घ्यावा लागत नाही. एके काळी पुण्यासारख्या 'सायकलींच्या शहरा'त नगरपालिकेचा बिल्ला सायकलीस लावावा लागे, रात्री दिवा नसला की पोलीस अडवीत, दोघे बसले की दंड होई. ते दिवस सरले. २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने सायकलींसाठी सर्वंकष आराखडा मंजूर केला. पण सायकलमार्ग कागदावर आखणे निराळे आणि तो मोकळा राखणे निराळे, हे पुणेकर वाचकांस सांगणे न लगे. जपानने मात्र १९७० पासून काही ठराविक पदपथांवर सायकलीस प्रवेश दिला, तोही एका अटीवर: पदपथ पादचाऱ्याचा, सायकलस्वार तेथे पाहुणा. त्याने सावकाश जावे आणि पादचाऱ्यास अडथळा होत असेल तर थांबावे. पाहुण्याने यजमानास घराबाहेर काढू नये, एवढाच त्या नियमाचा अर्थ.

परवाना नाही, परीक्षा नाही. म्हणजेच सायकलीच्या बाबतीत परीक्षक घर आणि शाळा हेच होत. गुजरात शासनाची सरस्वती साधना योजना नववीत आलेल्या ठराविक वर्गांतील मुलींना विनामूल्य सायकल देते. ज्या दिवशी अशी सायकल मुलीच्या हाती येते त्या दिवशी तिच्या मुखावरील तेज आम्ही पाहिले आहे. शाळा दूर म्हणून शिक्षण सुटण्याची जी भीती असते ती त्या दोन चाकांनी कमी होते. पण सायकलीबरोबर आपण तिला काय देतो? कुलूप देतो, पंप देतो. ओढणी साखळीत वा चाकात अडकू नये म्हणून ती कमरेशी घट्ट बांधावी, एवढेही पुष्कळदा सांगत नाही. मग वाटेवरील वागणुकीची गोष्ट दूरच राहिली.

म्हणून घरोघरी सांगता येतील असे काही नियम येथे देतो. पहिला नियम वेगाचा: जेथे माणसे चालत आहेत तेथे त्यांच्या वेगाशी आपला वेग जुळवून घ्यावा. दुसरा घंटेचा: वीस-पंचवीस पावले अंतर असताना घंटा एकदा वाजवावी, सारखी नव्हे, मग वेग कमी करून समोरचा कोणत्या बाजूस सरकतो ते पाहावे आणि मगच पुढे जावे. तिसरा वाणीचा: घंटेपेक्षा माणसाचा शब्द अधिक मऊ असतो. "काका, उजवीकडून येतो हं" असे मराठीत म्हणा, गुजरातीत म्हणा, हिंदीत म्हणा. आमच्या सचिनमध्ये तर ओडिया बोलणारेही पुष्कळ आहेत, परंतु 'काका' हा शब्द बहुतेकांस कळतो आणि त्यातला आदर तर सर्वांसच कळतो. चौथा अंतराचा: ओलांडताना निदान एक हात जागा मध्ये राहावी; तेवढी नसेल तर थांबावे. पाचवा उतरण्याचा: शाळेचे फाटक, देऊळ, भाजीबाजार, पाळी सुटलेला नाका अशा ठिकाणी सायकलीवरून उतरून ती हाती धरून चालावे. त्यात कसलाही कमीपणा नाही. उतरलेला सायकलस्वार हा पादचारीच होय. सहावा दिव्याचा: तिन्हीसांजेनंतर पुढे दिवा व मागे तांबडा परावर्तक हवाच. दिवा केवळ स्वतःस दिसावे म्हणून नसतो, आपण दुसऱ्यास दिसावे म्हणूनही असतो.

टाळी एका हाताने वाजत नाही. पादचाऱ्यांसही काही सांगणे आहे. चौघी मैत्रिणी हातात हात घालून सबंध वाट व्यापून चालतात आणि मागून घंटा आली की दोघी इकडे, दोघी तिकडे पांगतात. बिचारा स्वार मध्ये सापडतो. कानांत गाण्याच्या पुंगळ्या घालून चालणाऱ्यास घंटा ऐकू येणार कशी? सामायिक वाटेवर डाव्या कडेने चालावे, थांबावयाचे झाल्यास बाजूस होऊन थांबावे, आणि एकाएकी वळू नये. लहान मुलाचे बोट धरताना मूल कडेच्या बाजूस व आपण रहदारीच्या बाजूस असावे. जेथे पदपथच नाही अशा रस्त्यावर मात्र उजव्या कडेने चालणे श्रेयस्कर. समोरून येणारे वाहन डोळ्यांस दिसते.

आता राहिली कुत्री. आपल्या परंपरेने कुत्र्यास मोठे स्थान दिले आहे. ते दत्तात्रेयांच्या पायांशी आहे, खंडोबाच्या सोबत आहे, स्वर्गाच्या वाटेवर धर्मराजाच्या मागे आहे. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, अशी कथा आहे. आमच्या वस्तीत मात्र धावते ते कुत्रे, आणि पुढे पळतो तो सायकलस्वार! पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग करणे हा त्या प्राण्याचा जन्मजात स्वभाव आहे; फिरणारे चाक आणि हलणारी पोटरी पाहून तो जागा होतो. घाबरून वेग वाढविला की पाठलागही वाढतो, आणि मागे पाहण्याच्या नादात स्वार पुढच्या पादचाऱ्यावर आदळतो. यासाठी वेग कमी करावा, गरज पडल्यास उतरावे, सायकल आपल्या व कुत्र्याच्या मध्ये धरावी, आणि दगड न उगारता, पाठ न दाखविता शांतपणे पुढे जावे. पळणारे कोणी उरले नाही की बहुधा पाठलागातील गंमतही संपते.

चावा बसलाच, अथवा दाताचा नुसता ओरखडा उठला, तर हळद, चुना, मिरची असले उपाय करीत बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. ठरलेली सर्व इंजेक्शने पुरी करावीत. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की वैद्यकाचे जवळजवळ काहीच चालत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचविते. १८८५ साली पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या एका मुलास ती प्रथम टोचली, तेव्हापासून हा दिलासा मानवजातीस लाभला आहे. भटक्या कुत्र्यांना पकडून निर्बीज करणे व लस टोचणे हे २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार स्थानिक संस्थांचे काम आहे. त्याचा पाठपुरावा करणे हे आपले.

पाळीव कुत्र्याच्या धन्यासही एक विनंती. आठ-दहा हात लांबीची साखळी सोडून कुत्रे एका कडेला व धनी दुसऱ्या कडेला असे चालले की मध्ये वाटेवर दोरी ताणलेली असते. पहाटेच्या अंधुक उजेडात ती स्वारास दिसत नाही. मग स्वार पडतो, कुत्रे फरफटते आणि धनी ओढला जातो. साखळी आखूड धरावी आणि कुत्रे कडेच्या बाजूस ठेवावे. जो मुका आहे त्याच्या वतीने सावध राहणे हे धन्याचेच कर्तव्य आहे.

इतक्या लहान गोष्टींवर एवढे का लिहावे? याचे कारण असे की सायकल हे मुलाच्या हाती येणारे पहिले सामर्थ्य आहे. तोवर ते पायी चालणाऱ्यांतील एक असते. सायकलीवर बसताक्षणी ते इतरांहून उंच, वेगवान आणि बलवान होते. आपल्याहून दुबळ्याशी कसे वागावे हा प्रश्न त्यास जीवनात प्रथम पडतो तो बहुधा येथेच, आणि त्याचे जे उत्तर ते या पायवाटेवर शिकेल तेच पुढे स्कूटरवर, मोटारीत आणि अधिकाराच्या खुर्चीवरही घेऊन जाईल. जो मुलगा आज आजीसाठी सायकल थांबवितो तो उद्या चौकात पादचाऱ्यासाठी मोटार थांबवील. जो आज घंटेने माणसे पांगवितो तो उद्या कर्ण्याने पांगवील. हा केवळ रहदारीचा प्रश्न नसून संस्काराचा आहे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

आपण मराठी माणसे बडोद्यास असू, इंदुरास असू, ग्वाल्हेरीस असू वा सुरतेच्या वेशीवरील सचिनमध्ये. आपल्या भाषेची थोरवी शेजाऱ्यास ग्रंथांतून कळत नाही. ती कळते दारापुढून जाताना आपण कसे गेलो त्यावरून. आणि खरे तर वाट देणारा कोणत्या प्रांताचा, हे पडता पडता वाचलेला मनुष्य विचारीतही नाही. त्याच्या तोंडून निघणारा दुवा कोणत्याही भाषेत गोडच असतो.

दसरा-दिवाळीस अथवा परीक्षेच्या निकालावर पुष्कळ घरी नवी सायकल येते. तिच्या हँडलास हार घातला जातो, कुंकू लावले जाते, नारळ फुटतो. आमची वाचकांस एवढीच सूचना आहे की त्या दिवशी मुलास लगेच सायकलीवर बसवू नये. ज्या वाटेने ते उद्यापासून जाणार आहे त्या वाटेने प्रथम त्याच्या सोबत एकदा पायी जाऊन यावे, शक्य झाल्यास घरातील वडीलधाऱ्या माणसास बरोबर घेऊन, त्यांच्याच संथ चालीने. मागून सायकली येतील, घंटा वाजतील, काही अंगाशी चाटून जातील. मग घरी येऊन त्यासच विचारावे, "कोणती सायकल तुला बरी वाटली?" त्याचे उत्तर त्याचेच असू द्यावे. त्यानंतर किल्ली खुशाल त्याच्या हाती द्यावी.